रात्री निघालो तर मुले झोपतील, पण गाडी चालवणाऱ्याचे काय?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: उन्हाळ्याच्या सुटीत सुमारे नऊशे किलोमीटरचा प्रवास स्वतःच्या गाडीने करायचा आहे, बरोबर चार वर्षांची मुलगी आणि नऊ महिन्यांचा मुलगा आहे, आपण दोघेही गाडी चालवता, मुलीला गाडी लागते, आणि बाळ कार सीटमध्ये अर्ध्या तासाच्या वर बसले की रडू लागते. म्हणून रात्री दहाला निघून सकाळपर्यंत पोहोचावे का, आणि मुले झोपून राहावीत यासाठी एखादे सौम्य औषध देता येईल का, असे आपण विचारले आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि सुट्या तोंडावर आल्या की तपासणीसाठी येणारे पालक जाता जाता हेच दोन प्रश्न हमखास विचारतात, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे. औषधाच्या प्रश्नाचे उत्तर ‘देऊ नये’ इतके सोपे आहे, त्याची कारणे पुढे येतीलच. रात्रीच्या प्रवासाचे उत्तर मात्र तितके सरळ नाही.

नऊशे किलोमीटर एका दमात कापायचे असे एकदा मनाने घेतले की प्रत्येक थांबा नुकसानीचा वाटू लागतो. मग बाळ रडले तरी ‘अजून अर्धा तास जाऊ या’, मुलीने शू आली म्हटले तरी ‘पुढच्या पेट्रोल पंपावर थांबू’, आणि चालवणाऱ्याला पेंग आली तरी ‘आता थोडेच राहिले’ असे होत जाते. उन्हाळ्यातील प्रवासानंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तक्रारी पाहिल्या, तर अंगातले पाणी कमी होणे, लघवी दाबून धरल्याने होणारी जळजळ, बद्धकोष्ठता, उलट्या, घामोळे यांपैकी बऱ्याच तक्रारी वेळेवर थांबल्याने टळल्या असत्या असे दिसते. म्हणून मुलांना गप्प कसे ठेवावे यापेक्षा, वाटेल तेव्हा थांबणे परवडेल असे वेळापत्रक कसे आखावे, हा प्रश्न आधी सोडवावा असे मी सुचवेन. तो सुटला की रडण्याचा प्रश्न बराचसा आपोआप हलका होतो.

काही गोष्टी अर्थातच आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. वाटेत मुक्कामाची बरी सोय आहे का, रस्ता घाटाचा आहे की सरळ, गाडीतील एसीची हवा मागच्या सीटपर्यंत पोहोचते का, बाळ पूर्ण दिवसांचे जन्मले होते की आधी, हे मला माहीत नाही. बाळाचा जन्म बराच आधी झाला असेल, त्याला श्वासाची किंवा हृदयाची काही तक्रार असेल, तर खाली लिहिलेले सगळे बाजूला ठेवून आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

आता रात्रीच्या प्रवासाविषयी. त्याचा मोह पडण्यामागे दोन खरी कारणे आहेत: ऊन नसते आणि मुले झोपलेली असतात. परंतु माणसाच्या शरीराचे घड्याळ पहाटे दोन ते सहा या वेळात सतर्कता सर्वांत खाली आणते, आणि दिवसभर काम करून, सामान बांधून, मुलांना भरवून रात्री दहाला गाडी सुरू करणारा माणूस नेमका त्याच वेळात वीस-बावीस तासांचा जागा असतो. सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना घसरते तितकी घसरते, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले होते, आणि पुढच्या अभ्यासांतही साधारण तेच आढळले. मद्य घेऊन गाडी चालवणे आपल्या मनातही येणार नाही, पण झोपेची थकबाकी मात्र आपण सहज खपवून घेतो. काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, चेहऱ्यावर पाणी मारणे यांचा उपयोग काही मिनिटांपुरताच होतो. डोळ्यांवर झापड येऊ लागली तर सुरक्षित जागी थांबून कॉफी पिऊन लगेच पंधरा-वीस मिनिटांची डुलकी काढणे हा त्यातल्या त्यात खरा उपाय आहे, कारण कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आपण दोघे चालवता ही जमेची बाजू आहे. पण शेजारचा माणूस त्याच गाडीत बसून अर्धवट डुलक्या घेत असेल, तर पहाटे तीनला चाक हातात घेणारा दुसरा चालक ताजातवाना असतो असे समजू नये.

बाळाच्या बाजूनेही विचार करावा लागतो. कार सीटमध्ये बाळ अर्धवट बसलेल्या स्थितीत असते, आणि लहान बाळाची मान पुढे कलली तर हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते. त्यामुळे साधारण दर दोन तासांनी बाळाला सीटमधून बाहेर काढून आडवे करावे, हातपाय हलवू द्यावेत, असे आम्ही सांगतो. हा धोका अगदी तान्ह्या बाळांना सर्वांत जास्त असतो आणि नऊ महिन्यांच्या धडधाकट बाळाला कमी, पण मागे कोणीही जागे नसताना आठ तास सलग झोपलेले बाळ मला तरी निर्धास्त वाटत नाही. शिवाय आपण पोहोचता तेव्हा मुलांची झोप पूर्ण झालेली असते आणि आपली शून्य, हा हिशेब निघताना कोणी करत नाही.

मी सहसा सुचवतो तो बेत असा. नऊशे किलोमीटर दोन दिवसांत विभागावेत. आदल्या रात्री चालवणाऱ्याने नऊच्या सुमारास झोपावे, बांधाबांध त्याच्या आधी संपवावी किंवा दुसऱ्याने करावी, आणि पहाटे पाचला झोपेतल्या मुलांना उचलून गाडीत ठेवावे. पाचला निघणे आणि तीनला निघणे यांत मोठा फरक आहे हे लक्षात घ्यावे: नऊला झोपलेल्या माणसाची पाचपर्यंत झोप पूर्ण होते. पहिले दोन तास मुले बहुधा झोपेतच जातात. सातला अर्ध्या तासाचा थांबा घ्यावा आणि साडेदहा-अकरापर्यंत, मध्ये एकदा पाय मोकळे करून, पुढे जावे. त्यानंतर दुपारचे चार वाजेपर्यंत सावलीत, शक्य असल्यास खोलीत, जेवण आणि झोप. दुपारी दोन ते चार ही चालवणाऱ्याच्या सुस्तीची दुसरी वेळ असते आणि उन्हाचा कहरही तेव्हाच असतो, त्यामुळे ही मोठी विश्रांती दोन्ही हिशेबांनी फायद्याची ठरते. चार ते साडेसहा पुन्हा प्रवास करून अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. ताशी साठ किलोमीटरची सरासरी धरली तरी एवढ्यात दिवसाचे साडेचारशेच्या आसपास किलोमीटर होतात. नकाशा दाखवतो त्या वेळेत निम्मी भर घालावी, म्हणजे सहा तास दाखवले तर नऊ धरावेत. मग एखादा जास्तीचा थांबा झाला तरी चिडचिड होत नाही. युरोपीय संघात व्यावसायिक चालकांनाही साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती सक्तीची आहे, आणि त्यांच्या मागच्या सीटवर कोणी रडत नसते.

बाळ अर्ध्या तासाने रडू लागते, याकडे मी जरा बारकाईने पाहीन. बरेचदा कारण सीटमध्येच सापडते. पट्टे सैल असले तर बाळ घसरून खाली सरकते आणि जांघेत काचते. बाळ मागे तोंड करून बसलेले असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघायला हवेत. ते आवळल्यावर गळ्याजवळच्या हाडापाशी पट्ट्याची चुणी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पाहावी. चुणी पकडता आली तर पट्टा सैल आहे, चिमूट निसटली तर ठीक आहे. छातीवर क्लिप असेल तर ती काखेच्या पातळीला हवी, पोटावर नको. सीट गाडीला जिथून बांधली आहे तिथे धरून हलवली तर ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. हे सगळे निघण्याच्या पहाटे न करता आठवडाभर आधी, दिवसाउजेडी, बाळाला बसवून करावे, आणि रोज पंधरा-वीस मिनिटांची एखादी फेरी मारून त्याला त्या सीटची सवय लावावी.

बाळाचे तोंड मागेच असू द्यावे, हे आग्रहाने सांगतो. टक्कर बहुधा समोरून होते, आणि लहान बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड व मान कोवळी असते. मागे तोंड असले तर धक्का संपूर्ण पाठीवर आणि डोक्यावर पसरतो, मानेला झटका बसत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ पासून वयाची अट काढून टाकून, त्या सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंड ठेवावे, असा सल्ला दिलेला आहे. अशी सीट समोरच्या एअरबॅगपुढे कधीही लावू नये. मुलीसाठीही तिच्या वजनाला आणि उंचीला साजेशी, पट्ट्यांची सीट गाडीच्या मागच्या रांगेतच हवी. मोठ्यांचा पट्टा मुलाला नीट बसण्यासाठी साधारण १४५ सेंटिमीटर उंची लागते, ती तिला बरीच वर्षे येणार नाही.

रडणाऱ्या बाळाला चालत्या गाडीत मांडीवर घेण्याचा मोह सर्वांनाच होतो. ताशी पन्नास किलोमीटर वेगाची गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर नऊ किलोच्या बाळाला धरून ठेवायला सव्वाशे किलोचे वजन पेलण्याइतकी ताकद लागते. ती कोणत्याही आईच्या किंवा बापाच्या हातात नसते. म्हणून घरात एकच नियम ठेवावा: आधी गाडी थांबेल, मग बाळ बाहेर येईल. अंगावर पाजतानाही हाच नियम. वेळापत्रक सैल असले तरच हा नियम पाळला जातो, हे मी वारंवार पाहिले आहे.

आता औषध. मुले पेंगावीत म्हणून पालक सर्दीची किंवा गाडी लागण्याची जी सिरपे देऊ पाहतात, त्यांपैकी बहुतेकांत झोप आणणारी जुन्या पिढीची अँटिहिस्टामिने, म्हणजे ॲलर्जीवरची औषधे, असतात. त्यांतील प्रोमेथॅझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये असा सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये काढला, कारण त्याने श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या. आपले बाळ नऊ महिन्यांचे आहे, अर्धवट बसलेल्या स्थितीत झोपणार आहे आणि गाडीत अंधार असणार आहे. त्याला असे काही देण्याचा विचारही करू नये. मोठ्या मुलांनाही केवळ गप्प बसवण्यासाठी ही औषधे देणे गैर आहे, आणि व्यवहारातही ते अंगाशी येते, कारण काही मुले या औषधांनी झोपण्याऐवजी उलट चेकाळतात.

मुलीला गाडी लागते, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर बरेच करता येते. कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की शरीर हलत आहे, पण मागच्या सीटवर खाली बसलेल्या मुलाच्या डोळ्यांना समोरच्या सीटची पाठ तेवढी दिसते आणि ती स्थिर असते. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळ होते. दोन ते बारा या वयात हा त्रास सर्वांत जास्त दिसतो, आणि दोन वर्षांखाली क्वचितच. त्यामुळे प्रवासात बाळ उलट्या करू लागले तर ‘त्यालाही गाडी लागते’ असे म्हणून सोडून देऊ नये. जास्त पाजले गेले का, ऊन लागले का, पोट बिघडले आहे का, ते पाहावे.

मुलीची सीट अशा जागी लावावी की तिला समोरच्या काचेतून दूरचा रस्ता दिसेल. मोबाइल, टॅबलेट, चित्रांची पुस्तके यांनी नजर खाली आणि जवळ खिळते, त्रास हमखास वाढतो. तिला गोष्टी ऐकवाव्यात, दूरचे डोंगर, ट्रक, झाडे मोजायला सांगावे. निघण्यापूर्वी पोट अगदी रिकामे नको आणि तुडुंब भरलेलेही नको. तेलकट टाळून थोडेसे कोरडे खाणे बरे. गाडीतील सुगंधी द्रव्याची डबी काढून टाकावी. सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे चालवणाऱ्याचा पाय. वळणाच्या आत शिरून ब्रेक दाबणे आणि बाहेर पडताना एकदम वेग देणे, हे मागच्या सीटवर दुपटीने जाणवते. घाटात वेग वळणाच्या आधीच कमी केला तर निम्म्या उलट्या थांबतात असे माझे मत आहे.

चार वर्षांच्या मुलाला ‘मळमळते’ हे सांगता येत नाही. ते ‘पोट दुखतंय’ म्हणते, किंवा काहीच म्हणत नाही. इतका वेळ बडबडणारे मूल अचानक गप्प झाले, लागोपाठ जांभया देऊ लागले, ओठांभोवती पांढरे पडले, वारंवार थुंकी गिळू लागले, की उलटीला सहसा काही मिनिटेच उरलेली असतात. तेव्हाच थांबून तिला खाली उतरवले, मोकळी हवा लागली, तर बरेचदा उलटी होतच नाही. एवढे करूनही त्रास होत असेल तर वयाला आणि वजनाला योग्य औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. ते निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास द्यायचे असते, उलटी सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग नसतो. प्रवासाच्या आधी एखाद्या दिवशी घरीच एक मात्रा देऊन मूल त्याने कसे वागते ते पाहून ठेवणे शहाणपणाचे. उलटी झालीच तर ओआरएस चमच्या-चमच्याने पाजावे, पेलाभर एकदम देऊ नये.

उन्हाबाबत सर्वांत गंभीर गोष्ट उभ्या गाडीची आहे. २००५ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, बाहेरची हवा फार गरम नसतानाही बंद गाडीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढले, त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली, आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. म्हणून बाळ झोपले आहे, पाच मिनिटांत बाटली घेऊन येतो, असे म्हणून कोणीही कोणालाही गाडीत सोडू नये. मुक्कामी पोहोचल्यावर गाडी कुलूपबंद करून किल्ल्या वर ठेवाव्यात, कारण मुले खेळता खेळता गाडीत शिरून अडकल्याच्याही घटना घडतात.

चालत्या गाडीत ऊन लागू नये म्हणून बाळाच्या सीटवर ओढणी किंवा दुपटे टाकतात, त्याने आतली हवा कोंडून उष्णता वाढते. त्यापेक्षा खिडकीला जाळीचा पडदा लावावा. पुढच्या काचेतून अतिनील किरण फारसे येत नाहीत, बाजूच्या काचांतून मात्र बऱ्यापैकी येऊ शकतात. बाळाला गरम होते आहे का, हे हात-पायांवरून कळत नाही. मानेच्या मागे आणि पाठीशी बोटे घालून पाहावे, कारण सीटच्या गादीमुळे पाठ घामाने निथळत असते आणि पुढे बसलेल्यांना एसीची थंडी वाजत असते. रडण्याचे हे दुसरे नेहमीचे कारण. थांब्यानंतर बसवण्यापूर्वी दारे मिनिटभर उघडी ठेवावीत आणि पट्ट्याचे धातूचे बकल हाताने तपासावे, त्याने कोवळी कातडी भाजते. आतलीच हवा फिरवणारे एसीचे बटण तासन्‌तास चालू ठेवू नये, मधून मधून बाहेरची हवा घ्यावी. कोंदट हवेने चालवणाऱ्यालाही सुस्ती येते.

नऊ महिन्यांच्या बाळाला दुधाबरोबर थोडे उकळून गार केलेले पाणी देता येते. सहा महिन्यांखालील बाळाला उन्हाळ्यातही पाणी द्यायचे नसते, फक्त जास्त वेळा पाजायचे असते. पावडरचे दूध देत असाल तर पावडर आणि गरम पाणी वेगवेगळे न्यावे, ऐनवेळी कालवावे, दोन तासांत वापरावे आणि बाळाने तोंड लावलेले उरले तर तासाभरानंतर टाकून द्यावे. सहा तास लंगोट कोरडा राहिला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. मुली अस्वच्छ स्वच्छतागृहांच्या भीतीने पाणीच पीत नाहीत, म्हणून घडीचे पॉटी बरोबर असावे. चार वर्षांच्या मुलीला चालत्या गाडीत शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, कडक गोळ्या देऊ नयेत. घास अडकला तर मागे वळून काही करता येत नाही. आपल्यापैकी जो चालवत नाही त्याने मागे बसावे. आणि कपड्यांचे दोन जोड मुलांसाठी घेताना एक सदरा स्वतःसाठीही हाताशी ठेवावा. उलटी नेहमी उचलून घेणाऱ्याच्या खांद्यावर होते आणि सगळ्यांचे कपडे आठवणीने घेतलेल्या घरात तेवढा एकच सदरा डिकीत तळाशी असतो.

निघण्याच्या दिवशी ताप, जुलाब किंवा कान दुखत असेल तर प्रवास एक-दोन दिवस पुढे ढकलावा. वाटेत मूल निपचित झाले, बरळू लागले किंवा झटके आले, आणि अंग चटका बसावा इतके तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा: कपडे काढून अंग पाण्याने ओले करावे, वारा घालावा आणि जवळचे रुग्णालय गाठावे. तापाच्या औषधाने हे उतरत नाही, तिथे वेळ घालवू नये.

परतीच्या प्रवासाविषयी आपण काही विचारलेले नाही. जाताना दोन दिवसांचा बेत पाळणारी कुटुंबेही परतताना, दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे म्हणून, तेच अंतर एका रात्रीत कापतात. सुटीचा अर्ज करताना परतल्यानंतरचा एक दिवस त्यात धरूनच टाकावा.